बाबूजींची व्हॅन चार्जिंग घेत नाही

मधुकररावांच्या थोरल्या मुलाला दुकानाच्या गादीवर बसवलं की गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसायची. भूपेंद्र साखर तोलता तोलता उठायचा, डोक्यावरचा पंखा का कुरकुरतो ते बघायला स्टुलावर चढायचा. समोरून एखादी जीप खोकत गेली की तागडी तशीच टाकून रस्त्यावर जायचा. एकदा त्यानं एका बाईला तुरीच्या डाळीऐवजी हरभऱ्याची डाळ बांधून दिली. ती भांडायला परत आली, तेव्हा हा समोर उभ्या ट्रकच्या बॉनेटात डोकं घालून ड्रायव्हरला काहीतरी समजावत होता.

वर्ध्याच्या बाजारातलं ते किराणा दुकान मधुकररावांच्या वडिलांपासूनचं. धाकटा धर्मेंद्र जणू गादीवरच जन्मला होता, त्यामुळे दुकानाची काळजी नव्हती. काळजी होती ती थोरल्याची. शेवटी भूपेंद्र नागपूरला एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली राहिला, काही वर्षांनी परत आला आणि बोरगाव मेघेच्या रस्त्यावर टिनाचं छप्पर टाकून त्यानं आपलं वर्कशॉप उघडलं. मधुकररावांनी भांडण केलं नाही. पूजेला आले, नारळ फोडला, चहा न घेता गेले. त्या दिवसापासून मात्र ते मुलाला नावानं हाक मारेनासे झाले. "मिस्त्री" म्हणायचे. म्हणताना हसायचे, पण त्यांच्या बायकोला, शोभाबाईंना, ते हसणं आवडायचं नाही.

भूपेंद्रचं लग्न वडनेरच्या गोपिकाशी झालं. तिच्या माहेरी भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पहाटे खुडून हिंगणघाटच्या बाजारात पोचवायचं, हेच तिनं लहानपणापासून पाहिलेलं. सिंदी मेघेतल्या दोन खोल्यांत संसार सुरू झाला, आणि आपल्या नवऱ्याला एका जागी बसता येत नाही हे पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं. तो उभ्यानं जेवायचा. बोलता बोलता दाराची कडी हलवून बघायचा. एखाद्या गाडीचा बिघाड सापडला नाही तर त्या दिवशी घरात कोणाशी नीट बोलायचा नाही.

कामात तो हुशार होता, यात शंका नाही. पण त्याच्या हुशारीला घाईचं चाक लावलेलं होतं. दोष दिसल्याबरोबर "सापडला!" म्हणून तो उडी मारायचा आणि पान्हे गोळा करायचा. बहुतेक वेळा तो बरोबर असायचा, त्यामुळे ही सवय मोडायचं कारणच पडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मधुकररावांनी जुनी, दुधी रंगाची मारुती व्हॅन घेतली. माल आणायला उपयोगी आणि घरच्यांना बसायलाही. ते स्वतः चालवायचे, आणि मांडीवर भरलेलं दुधाचं पातेलं ठेवल्यासारखे हळू चालवायचे. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, पण यांचा पाय एक्सलेटरवर जोरात म्हणून पडायचा नाही.

त्या वर्षी दिवाळी होऊन थंडी पडली आणि व्हॅनची बॅटरी उतरायला लागली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक्. मग दुकानासमोरचे हमाल गाडीला धक्का मारायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर मधुकरराव गाडी घेऊन मुलाकडे आले.

"मिस्त्री, पाह्य बरं काय झालं ते."

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. भूपेंद्रनं सीट उचलली, दारातूनच हात घालून किल्ली फिरवली आणि मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. मग नेहमीच्या सवयीनं एक्सलेटरची केबल हातानं ओढली. इंजिन गरजलं. मीटरचा काटा चौदा व्होल्टवर जाऊन थांबला.

"चार्जिंग मस्त हाय, बाबूजी. बॅटरी मेली तुमची. नवी टाका."

नवी बॅटरी टाकली. आठवडा नीट गेला, मग पुन्हा टक्.

या वेळी भूपेंद्रनं बॅटरी भरणारा अल्टरनेटर खोलला. आतले, करंट पोचवणारे कार्बन झिजले होते. "सापडलं!" तो म्हणाला. कार्बन बदलले, ढिला पट्टा ताणला, इंजिन गरजवलं. चौदा व्होल्ट. मधुकरराव गाडी घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत परत आले. आता त्यानं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बदलला, अर्थिंगच्या तारा घासूनपुसून घट्ट केल्या. उभ्या गाडीत कुठे करंट गळतो का, तेही पाहिलं. बॅटरीची एक तार काढून मधे टेस्टचा बल्ब जोडला. बल्ब लागला नाही, म्हणजे गळती नव्हती. पुन्हा इंजिन गरजवलं. पुन्हा चौदा.

"गाडी चांगली हाय," तो म्हणाला, पण या वेळी आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

मधुकरराव ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाले, "मिस्त्री, तुझा मीटर म्हनते गाडी चांगली, अन् गाडी म्हनते मी मेली. मी आयकू कोनाचं?"

पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. आर्वी नाक्याकडच्या दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियननं अख्खा अल्टरनेटर बदलून दिल्याचं भूपेंद्रला धर्मेंद्रकडून कळलं. वाईट वाटलं, पण त्याहून वाईट असं, की त्यानंतरही बॅटरी उतरतच होती. अल्टरनेटर नवा, बॅटरी नवी, तारा ठीक, आणि तरी गाडी मरते. हे त्याच्या डोक्यात माशीसारखं घोंगावत राहिलं. दुसऱ्यांच्या गाड्यांवर काम करता करता तो मधेच थांबायचा आणि जमिनीवर खडूनं व्हॅनची वायरिंग काढायचा. काढून झाली की चपलेनं पुसायचा आणि पुन्हा काढायचा.

मग फाटकावरची गोष्ट घडली.

धर्मेंद्रची बायको रक्षा गरोदर होती. तिला तपासणीला नेऊन मधुकरराव आणि शोभाबाई परत येत होते. दिवस मावळला होता, त्यामुळे हेडलाइट लावलेले. रेल्वेचं फाटक बंद होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. फाटक उघडलं, रांग मुंगीच्या पायानं सरकायला लागली, आणि व्हॅन बरोबर रुळांच्या मधोमध आली असताना लाइट पिवळे पडले. इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

मधुकररावांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेवढाही आवाज आला नाही.

मागून येणाऱ्या मालगाडीचा इशारा झालेला होता. फाटकवाला लाल कंदील हलवत ओरडत धावत आला. "उतरा! बाई लोक पयले उतरा!" शोभाबाईंनी दार सरकवलं, रक्षाचा दंड धरला आणि त्या दोघी रुळांमधल्या खडीवरून ठेचकाळत पलीकडे गेल्या. मधुकरराव मात्र स्टिअरिंग धरून बसलेलेच होते. त्यांना उतरायचं सुचलंच नाही. मागच्या ट्रॅक्टरवरचा तानबा नावाचा गडी आणि आणखी चार-पाच जण धावले. त्यांनी जोर लावून व्हॅन पलीकडे ढकलली. फाटक पडलं. थोड्या वेळानं मालगाडी धडधडत गेली आणि तिचे डबे संपता संपेनात.

कोणाला काही झालं नाही. रक्षा मात्र रस्त्याच्या कडेला पोट धरून बसली, ती डबे संपेपर्यंत उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्र वर्कशॉपवर आला. तो चिडका नव्हता. त्यानं सगळं सावकाश सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "दादा, तू म्हनलं होतं ना, गाडी चांगली हाय म्हनून."

त्या दिवशी भूपेंद्रनं एका जीपची हॉर्नची तार चुकून सरळ बॅटरीला लावली आणि ती जळाली. शटर अर्ध्यावर ओढून तो बाजारात गेला. मधुकरराव दुकानात गुळाची ढेप फोडत होते.

"बाबूजी, गाडी द्या मले. इंजिनपासून सगळी खोलतो."

"राहू दे. इकून टाकतो आता."

"मंग दुसऱ्या कोनाचं मानूस मरंल तिच्यात."

मधुकररावांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

घरी येऊन भूपेंद्र अंगणात फेऱ्या मारायला लागला. कुंपणापर्यंत जायचा, परत यायचा. गोपिका सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिची नजर त्याच्या पायांबरोबर इकडून तिकडे फिरून थकली.

"अजी, बसा तरी जरासे."

"काऊन मरते ती गाडी? माह्यापाशी आली की चांगली. त्यायच्यापाशी गेली की मरते."

"तुमी कधी बसले काय तिच्यात?"

"म्हंजे?"

"म्हंजे बाबूजी चालवत असताना. आमच्या वांग्याले कीड लागे, तं बाबा काई घरी बसून नाई पाह्यत. सकाळी सकाळी वावरात जात, पानं उलटून पाह्यत. उन्हं चढली की कीड लपून बसते." ती सूप झटकत म्हणाली. "तुमी तं गाडी दारात बोलावता, सीट उचलता अन् सांगता, चांगली हाय."

तो उभा राहिला. तसाच आत जाऊन मीटर आणि लांब तारांचं वेटोळं घेऊन आला.

सकाळी तो मधुकररावांच्या घरी हजर झाला. व्हॅनच्या बॅटरीला दोन लांब तारा जोडल्या, त्या सीटखालून वर काढल्या आणि मीटर मांडीवर घेऊन वडिलांच्या शेजारी बसला.

"हे काय?" मधुकररावांनी विचारलं.

"तुमी जिथं जासान, तिथं येतो. तुमी नेहमीसारखी चालवा. मी नाई असं समजा."

शोभाबाईंना बहिणीकडे जायचं होतं, त्या मागे बसल्या. गाडीनं नेहमीचा रस्ता धरला. घर, दूध डेअरी, मग बाजार. मधुकरराव आपल्या पद्धतीनं चालवत होते. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात होते. भूपेंद्रची नजर काट्यावर. इंजिन चालू असताना काटा चौदाच्या आसपास हवा. तो बाराच्या थोडा वर होता. डेअरीपाशी बारा. गल्लीत वळताना त्याहून खाली.

इतके दिवस जो दोष भूपेंद्रला तोंड दाखवत नव्हता, तो त्याच्या मांडीवर येऊन बसला होता.

"थांबवा! बाबूजी, बाजूले घ्या. बंद नका करू."

गाडी कडेला थांबली. त्यानं वडिलांना खाली उतरवलं, सीट उचलली आणि एक्सलेटरची केबल ओढली. इंजिन गरजलं. काटा टुणकन चौदावर. केबल सोडली, इंजिन मंद झालं, तरी काटा चौदावरच. त्यानं गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली. इंजिन मंद ठेवलं. बारा. केबल ओढली. चौदा.

तो तिथेच फुटपाथवर उकिडवा बसला.

"काय झालं?" शोभाबाईंनी खिडकीतून विचारलं.

"मीच लपवत होतो आई, दोष. मी दर वेळी पयले इंजिन गरजवलं अन् मंग मीटर पाह्यला. गरजवलं की अल्टरनेटर जागं होते. अन् बाबूजी कधी गरजवतच नाईत. गावातल्या गावात, हळूहळू. गाडी चालते ते नुसती बॅटरीतलं खाऊन."

निम्मं कोडं सुटलं होतं, पण उरलेलं निम्मं त्याला बसू देईना. अल्टरनेटर झोपलेला का राहतो? जुना झोपत होता, नवा पण झोपतो. म्हणजे दोष त्याच्यात नाही. किल्ली फिरवली की त्याला जागं करायला थोडासा करंट एका बारीक तारेतून येतो. ती तार कुठून येते? समोरच्या डॅशबोर्डातून. वाटेत एक छोटा लाल दिवा असतो, त्या दिव्यातूनच तो करंट पुढे जातो.

हे त्याला माहीत होतं. नागपूरला उस्तादानं पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. पण इतक्या वेळा गाडी पाहूनही त्यानं एकदाही ड्रायव्हरच्या जागेवर बसून समोर पाहिलं नव्हतं. सीट उचललेली, डोकं खाली, हात किल्लीवर. आता तो सीट खाली करून तिच्यावर बसला आणि किल्ली अर्धी फिरवली. ऑइलचा दिवा लागला. त्याच्या शेजारी बॅटरीचं चित्र होतं, तिथे अंधार.

"बाबूजी, हा लाल दिवा कधीपासून लागत नाई?"

मधुकरराव रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशींकडे बघत उभे होते.

"अजी, सांगा ना त्याले," शोभाबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"मंग मी सांगते. दिवाळीनंतर हिंगनघाटले गेलतो ना आमी, तं तो दिवा रस्त्यानं लागे अन् इझे, लागे अन् इझे. माह्या जिवाले घोर लागला. मी म्हनलं, गाडी पेटते का काय बाप्पा! यायनं तिथल्या एका पोराले सांगून बल्बच काढून घेतला. म्हने, आता पाह्य, नाई लागत."

"गाडी तं चालून राह्यली होती," मधुकरराव हळूच म्हणाले.

भूपेंद्रच्या तोंडात जे आलं ते त्यानं तिथेच दाबलं. फाटकावरची रक्षा त्याच्या डोळ्यांसमोर आली. कार्बन झिजल्याचं त्या दिव्यानं तेव्हाच सांगितलं होतं, आणि यांनी सांगणाऱ्याचीच जीभ काढली. मग त्यानं स्वतः कार्बन बदलले, तरी दिव्यावाचून करंट पुढे जाईना. ओरडावंसं वाटलं. पण ओरडताना काय म्हणणार? दिवा लागतो का, एवढं त्यानं तरी कुठे कोणाला विचारलं होतं?

"चला वर्कशॉपवर," तो म्हणाला.

डॅशबोर्डचे चार स्क्रू काढले. मागे बल्बाची जागा रिकामी होती. तिच्यात धूळ साचली होती. त्यानं ती पुसली, नखाएवढा बल्ब बसवला आणि किल्ली फिरवली. लाल दिवा लख्ख लागला. गाडी सुरू केली, दिवा विझला. केबलला हातही न लावता, इंजिन मंद चालू असताना काटा चौदाकडे चढत गेला. भूपेंद्रनं हेडलाइट लावले, वायपर लावले, हॉर्न दाबून धरला. काटा जरासा हलला आणि जागेवर आला. त्यानं गाडी बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद केली. किती वेळा तसं केलं कोण जाणे, शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"आता कळलं तुमाले?" त्यानं वडिलांना विचारलं. "हा दिवा लागला म्हनजे तिकडं थोडासा करंट जाते. तेवढ्यानं अल्टरनेटर उठते. मंग तो आपलं आपन बनवते. तेवढंच नाई भेटलं तं तो बसून राह्यते."

मधुकरराव विचार करत उभे होते. मग म्हणाले, "म्हनजे बोहनीच होत नव्हती त्याची."

भूपेंद्रनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्याला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं.

"हाव बाबूजी. बोहनीच नाई. अन् किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागला पायजे, गाडी सुरू झाल्यावर इझला पायजे. यात उलटं झालं की मले सांगजा. बल्ब नका काढू."

"नाई काढत." ते गाडीत बसले. दार ओढून घेताना थांबले आणि म्हणाले, "भूपेन, पोरीले त्या दिवशी मी खाली उतरूनसुद्धा पाह्यलं नाई. तानबा म्हने नंतर, तुमी बसूनच होते म्हने."

कितीतरी वर्षांनी त्यांनी नावानं हाक मारली होती. हातातला स्क्रूड्रायव्हर भूपेंद्र नुसताच फडक्यानं पुसत राहिला.

गाडी दुरुस्त झाली, पण रक्षाची भीती तशीच राहिली. ती व्हॅनमध्ये बसायला तयार होईना. भूपेंद्रनं घरी जाऊन तिला सगळं समजावलं, चित्र काढून दाखवलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "दादा, ते समजलं मले. पन मी नाई बसत." पुढच्या सगळ्या तपासण्यांना ती ऑटोनंच गेली. भूपेंद्रला हे सलायचं. तार जोडता येते, बल्ब बसवता येतो, पण असल्या भीतीचं काय करायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो तिच्याशी बोलायला जायचा, अर्धंच बोलायचा आणि उठून यायचा. शेवटी गोपिकानंच त्याला सांगितलं, "राहू द्या तिले. तिची ती बसंल तवा बसंल."

मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. त्याला घरी आणायलासुद्धा ऑटोच आला. पोराचा पहिला उन्हाळा सरत आला, तेव्हा त्याला ताप भरला आणि रस्त्यावर एकही ऑटो दिसेना. तेव्हा रक्षा पोराला पदरात घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसली. दवाखान्यापर्यंत तिचं सगळं लक्ष पोराकडे होतं. वाटेत फाटक लागलं तेही तिला कळलं नाही, असं मधुकरराव नंतर सांगायचे.

भूपेंद्रची घाई काही गेली नाही. तिला फक्त एक वळण लागलं. पुढे त्याच्याकडे कोणी गाडी आणली की तो सीटवर बसून आधी समोरचे दिवे बघायचा आणि मग मालकाला म्हणायचा, "चला, तुमी चालवा, मी बसतो." गिऱ्हाइकं वैतागायची. एकानं तर विचारलं, मिस्त्री आहात का पाहुणे? पण गाड्या परत येणं कमी झालं. दुपारी दुकान धर्मेंद्रवर सोडून मधुकरराव कधी कधी वर्कशॉपवर येऊन बसायचे. आलेल्या माणसाला स्वतःहून पाणी द्यायचे आणि गाडीला काय होतंय ते विचारायचे. सांगणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत विचारायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं गेली आणि नव्या गाड्या आल्या. त्यांच्या आत कॉम्प्युटर असतो, दोष शोधायला स्कॅनर लावावा लागतो. चाळिशीला टेकलेल्या भूपेंद्रनं नागपूरला त्याच्या वर्गाला नाव घातलं. शनिवारी सकाळी एसटीनं जायचा. पहिल्याच शनिवारी बस पवनारचा पूल ओलांडून पुढे गेली आणि त्याला इंजिनाकडून बारीक किंकाळी ऐकू आली. तो उठला, दांडे धरत धरत पुढे गेला.

"भाऊ, पट्टा ढिला हाय तुमचा. चार्जिंग कमी होत असंल."

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "बसा ना जागेवर. डेपोत पाह्यतील."

भूपेंद्र जागेवर येऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर पावसापाण्याच्या गोष्टी करायला लागला, पण कान तिकडेच. सेलूला बस थांबली, चार माणसं उतरली, चार चढली. किंकाळी आता जरा वाढली होती. त्यानं पिशवी म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"इतकी सांभाळजा, बाबा," तो म्हणाला आणि पुन्हा ड्रायव्हरकडे निघाला.